काडतुसांचं पान

शिकारीच्या जुन्या पुस्तकांत एक पान ठरलेलं असतं. हाका अजून सुरू व्हायचा असतो, जनावर दिसायचं असतं, आणि लेखक मध्येच थांबून आपल्या हत्यारांबद्दल बोलू लागतो. नळीचा व्यास किती, दारू किती, गोळी किती ग्रेनची, सांबराला कोणती चालते, काळविटाला कोणती. बहुतेक वाचक हे पान उलटून पुढे जातात. मला मात्र वाटतं की अख्ख्या शिकारसाहित्यातलं सगळ्यात प्रामाणिक पान हेच आहे.

बाकीच्या पानांवर चांदणं असतं, धाडस असतं, शेकोटीभोवतीच्या गप्पा असतात. या पानावर एकच प्रश्न असतो : हे जनावर लवकरात लवकर मरावं म्हणून काय लागेल? शिकार म्हणजे मारणं, ही गोष्ट इतक्या उघडपणे दुसऱ्या कुठल्याच पानावर लिहिलेली नसते.

आज भारतात हौसेखातर हरणाची शिकार करता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्यावर आळा आणला आणि १९९१च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकार-परवानेही संपवले. त्यामुळे हे पान आता कुणाच्या उपयोगाचं नाही. ते फक्त वाचायचं उरलं आहे, आणि म्हणूनच ते नीट वाचता येतं.

एक तोळा शिसं

ग्रेन हे वजनाचं जुनं माप. एका पौंडात ७००० ग्रेन. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. आकडा डोळ्यांसमोर येत नाही ना? मग आपल्या मापात सांगतो. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया याच वजनाचा होता. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव चांदीसाठी ओळखलं जातं. तिथल्या सराफाच्या तराजूवर पूर्वी जो तोळा येई, तेवढंच वजन.३०-०६ रायफलीतून सुटणाऱ्या एका नेहमीच्या गोळीचं असतं.

पण एक तोळा कशासाठी पुरेसा? इथे आपली भाषा आडवी येते. मराठीत 'हरीण' म्हटलं की सगळे त्यात बसतात. अभ्यासक सारंग आणि कुरंग असा भेद करतात. सांबर, चितळ, भेकर हे सारंग. त्यांच्या नरांची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा हे कुरंग. त्यांची शिंगं कायमची. ज्याला पुस्तकं नीलगाय म्हणतात आणि आमच्याकडचे शेतकरी रोही म्हणतात, तोही कुरंगच. बोलताना आपण हा भेद सोडून देतो. काडतुसांच्या पानाला तो सोडता येत नाही. काळवीट चाळीस किलोंच्या आसपास भरतो आणि उघड्या माळावर लांब उभा असतो. सांबराचा मोठा नर दोनशे किलोंच्या पुढे जातो आणि सागाच्या दाट रानात अचानक समोर येतो.

हलकी आणि वेगवान गोळी माळावर सरळ जाते, पण सांबराच्या खांद्याच्या हाडावर फुटून वरच्या वर राहू शकते. जनावर पळून जातं आणि दोन दिवसांनी कुठल्यातरी नाल्यात मरतं. जड गोळी हाड फोडून आत शिरते, पण लांबवर ती खाली झुकते आणि अंतराचा अंदाज चुकला की पाय मोडते. टोक मऊ असेल तर गोळी आत जाऊन पसरते आणि रक्तस्राव लवकर होतो. सगळीकडून कठीण कवच असेल तर आरपार बारीक भोक पाडून निघून जाते. हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीने १९१२ साली .३७५ मॅग्नम काढली, तेव्हा एकाच रायफलीसाठी तीन वजनांच्या गोळ्या दिल्या : २३५, २७० आणि ३०० ग्रेन. तीन वजनं म्हणजे तीन वेगळी अंतरं आणि तीन वेगळी शरीरं.

तुमच्यापैकी जे बीजीएमआय खेळतात त्यांना ७.६२ आणि ५.५६ हे आकडे तोंडपाठ असतील. तिथे एकेएमची गोळी कार९८मध्येही चालते. खऱ्या जगात या दोन रायफलींची काडतुसं एकमेकांत बसतसुद्धा नाहीत. पण खरा फरक तो नाही. गेममध्ये गोळी लागली की समोरच्याची लाल-पांढरी पट्टी कमी होते. अर्धी उरली तर तो पट्टी बांधून पुन्हा उभा राहतो. काडतुसांच्या पानाची सगळी काळजी त्या अर्ध्या उरलेल्या पट्टीबद्दल आहे. खऱ्या रानात तिचं नाव जखम असतं, आणि ती भरून काढायला तिथे कुणी नसतं.

फॉर्सिथचं गणित

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडे, सातपुडा भिंतीसारखा उभा आहे. याच पर्वतरांगेत, बरंच पूर्वेला, १८६०च्या दशकात कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हिंडत होता. पचमढीचं पठार इंग्रजांच्या नकाशावर आणणारा म्हणून त्याचं नाव घेतात. त्याचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ साली आलं. त्याच वर्षी, वयाच्या तिशीत, तो वारला. पण त्याआधी १८६३ साली त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं होतं, 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स'. म्हणजे हे अख्खं पुस्तकच काडतुसांचं पान आहे.

तेव्हा लष्करी जगात लांबट गोळीचा जमाना सुरू झाला होता. ती दूरवर अचूक जाते म्हणून शिकारीही तिच्या मागे लागले होते. फॉर्सिथ उलटं म्हणाला. जंगलात जनावर जवळून दिसतं, झाडीतून दिसतं आणि क्षणभरच दिसतं. तिथे अंतर मोजायला वेळ नसतो. म्हणून मोठ्या व्यासाची गोल गोळी घ्या, तिच्यामागे भरपूर दारू भरा, आणि नळीतले आटे कमी पिळाचे ठेवा, नाहीतर एवढ्या जोराने गोल गोळी आट्यांवरून घसरते. अशी गोळी शंभरेक यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ जाते. अंदाज थोडा चुकला तरी मर्मावर लागते. बोअरचं माप तेव्हा शिशाच्या गोळ्यांवरूनच ठरे : एका पौंडात बारा गोळ्या बसल्या तर बारा बोअर. म्हणजे एक गोळी साधारण ३८ ग्रॅमची, सव्वातीन तोळ्यांची.

हे वाचताना मला फॉर्सिथबद्दल आदर वाटतो. तो माणसाच्या चुकीचा हिशेब आधीच धरतो. 'मी चुकणार आहे, तेव्हा माझ्या चुकीची किंमत जनावराने कमीत कमी कशी द्यावी?' असा त्याच्या गणिताचा अर्थ लावता येतो. ही नीती त्याने नीती म्हणून मांडलेली नाही. ती दारूच्या मापात आणि आट्यांच्या पिळात लिहिलेली आहे.

पण 'हायलँड्स' वाचताना दुसरी गोष्ट दिसते. गोंडांबद्दल त्यात बरंच आहे; त्यांच्या लिंगोची कथा तर त्याने इंग्रजी पद्यात घातली आहे. तरी त्या रानात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या शिकाऱ्याने आपला बाण का निवडला, कोणत्या जनावराला कोणतं पातं लावलं, हे त्याच्या तोंडून येत नाही. हत्याराची निवड करणारा माणूस पुस्तकात एकच असतो आणि तो साहेब असतो. बाकीचे माग काढतात, हाका करतात, सांबर उचलून आणतात.

सगळं एका 'बंदुकी'त

जिम कॉर्बेट तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल, मराठीतून किंवा इंग्रजीतून. त्याच्या १९४४ सालच्या 'मॅन-इटर्स ऑफ कुमाऊँ'ची सुरुवात एका अर्थाने वाईट गोळीपासून होते. चंपावतची वाघीण माणसं का खाऊ लागली? तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते आणि ती जखम जुन्या गोळीची होती, असं कॉर्बेट सांगतो. सुळे गेले, नेहमीचं भक्ष्य धरता येईना, मग माणूस. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, पुरेसा विचार न करता बार उडवला आणि घरी गेला. त्या माणसाचं नाव पुस्तकात नाही. पण सगळी कथा त्याच्या न लिहिलेल्या काडतुसांच्या पानातून निघते.

या वाघिणीच्या शेवटच्या हाक्यात कॉर्बेटकडे .५००ची रायफल आणि मोजून तीन काडतुसं होती. तिन्ही संपली, वाघीण जखमी आणि जिवंत. मग तो धावत जाऊन तहसीलदाराची शॉटगन आणतो. तिची नळी आणि मागचा ठोकळा यांत चांगलीच फट पडलेली. तो वाघिणीच्या उघड्या तोंडावर नेम धरतो आणि गोळी लागते पंजाला. सुदैवाने आधीच्या गोळ्यांनी काम झालेलं असतं.

प्रसंगाचा सगळा ताण रायफल आणि शॉटगन यांतल्या फरकावर उभा आहे. एक आट्यांची नळी, एक गुळगुळीत. एक त्याची, एक उसनी. मराठीत दोन्ही 'बंदूक' झाल्या, की एक माणूस एक बंदूक टाकून दुसरी घेतो, एवढंच उरतं. हीच गोष्ट 'गोळी' या शब्दाची. काडतूस, शिशाचा गोळा, लांबट गोळी, छर्रा या सगळ्यांना आपण 'गोळी' म्हणून मोकळे होतो. शब्दांची गरिबी आहे असं नाही. ठासणीची, दोननळी, बारा बोअर, केप, आटे, छर्रे असे नेमके शब्द मराठीत आहेत. ते वापरले जात नाहीत, कारण भाषांतरकारालाही ते पान उलटायचं असतं.

मी वाचलेल्या बऱ्याचशा मराठी शिकारकथांतही असंच होतं. बंदूक कडाडते, जनावर उसळी घेतं आणि कोसळतं. कोणत्या अंतरावरून, कशाने, कुठे लागलं, किती वेळ तडफडलं, हे येत नाही. त्या जागी नायकाची छाती येते. व्यंकटेश माडगूळकर इथे वेगळे वाटतात. बंदूक घेऊन रानात फिरण्याचा काळ आणि पुढे नुसतं पाहायला रानात जाण्याचा काळ, हे दोन्ही त्यांच्या आयुष्यात होते. नागझिऱ्यात ते जनावराकडे ज्या बारकाईने पाहतात, ती नजर मला शिकाऱ्याचीच वाटते. फक्त शेवटी बार उडत नाही. काडतुसांचं पान ज्याने मनातल्या मनात तरी वाचलंय, त्यालाच हरणाचं अंग इतकं नेमकं दिसतं.

कोणाला निवडता येत होतं?

आता या पानाचा काळा भाग. निवड करायची तर आधी हत्यार बाळगण्याची मुभा हवी. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या फेऱ्यात अडकवलं आणि युरोपियनांना मोकळं ठेवलं. पुढे सरकारने काडतुसांवरही नजर ठेवली. लष्करी काडतुसं बंडखोरांच्या हाती जातील या भीतीने १९०७च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आली. इंग्लंडमधल्या बंदूककारांनी लगेच .४७०सारखी नवी काडतुसं काढली. शिकारीच्या पुस्तकांत .४७०चं कौतुक वाचताना लक्षात ठेवावं, की तिच्या जन्मामागे जनावराचं शरीर कमी आणि राज्याची धास्ती जास्त आहे. .३०३ लष्करी म्हणून सामान्य माणसाला बंद, म्हणून .३१५. आजही परवान्यावर मिळणारी सरकारी कारखान्याची .३१५ ही त्याच धास्तीची नात आहे.

आणि ज्यांच्याकडे काडतूसच नव्हतं, त्यांचं काय? बुलढाण्याचं नाव 'भिल्लठाणा'वरून आलं असं इथे सांगतात. खरं असो नसो, जिल्ह्याने आपली ओळख शिकारी माणसांशी जोडली आहे. इथल्या तांड्या-बेड्यांवर फासेपारधी आहेत. 'पारध' हा शिकारीला अस्सल मराठी शब्द. 'शिकार' फारसीतून आली. अर्थ एकच, पण नशीब पाहा : शिकारी हा छंद झाला, पारधी ही जात झाली आणि मग गुन्हा झाला. फॉर्सिथचं 'हायलँड्स' छापलं गेलं त्याच १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. तो आधी उत्तरेत लागू झाला, पुढे पसरत गेला आणि १९५२ साली गेला. ठप्पा अजून गेलेला नाही.

पारध्यांच्या हत्याराचं पान आहे, पण ते त्यांनी लिहिलेलं नाही. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जाति-जमातींच्या ग्रंथात पारध्यांवर नोंद आहे. काळविटांसाठी लावलेले फास, शिकवलेल्या बैलाच्या आडून कळपाजवळ सरकणं, हे त्यात येतं. नोंद कुतूहलाने लिहिली आहे, पण लिहिणारा सरकारी माणूस आहे. पारध्याने स्वतः लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? कोणत्या दोरीला कोणतं वजन पेलतं, वारा कुठून हवा, फास चुकला तर त्या संध्याकाळी चुलीचं काय. मला फास कमी क्रूर वाटतो असं नाही. फासात पाय अडकलेलं हरीणही तडफडतं. मुद्दा एवढाच, की निवडीमागचा विचार दोघांनीही केला. त्यातल्या एकाला पुस्तक मिळालं आणि दुसऱ्याला पोलीस ठाण्यातली हजेरी.

भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी मराठीला हलवलं, ते याच दुसऱ्या बाजूने. तिथे जनावर मारणं हा पराक्रम नसतो, जेवण असतं. म्हणून माझं समीक्षक म्हणून म्हणणं असं आहे, की मराठी शिकारसाहित्याचा इतिहास शिकारकथांच्या कपाटात शोधू नये. त्याचा अर्धा भाग दलित आणि विमुक्तांच्या लेखनाच्या कपाटात आहे, आणि दोन्ही कपाटं आपण शेजारी ठेवलेली नाहीत.

तारेला नेम नसतो

शिकार संपली म्हणून मारणं संपलं नाही. बुलढाणा-खामगाव रस्त्यावर बोथ्याच्या जंगलातून, ज्ञानगंगा अभयारण्यातून, जाताना रोही दिसतात. प्रवाशाला आनंद होतो. त्याच रोह्यांचा कळप रात्री हरभऱ्यात शिरला तर शेतकऱ्याचा हंगाम जातो. आमच्याकडे लोक थंडीत जागलीला जातात, फटाके वाजवतात, डबे बडवतात. अटी पाळून वनखात्याची परवानगी घेऊन रोही किंवा रानडुक्कर मारण्याची तरतूद आहे, पण ती कागदातून जाते आणि पीक रात्रीत जातं. मग विदर्भात जागोजागी जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे : कुंपणाच्या तारेत करंट सोडला जातो, डुकरांसाठी खाण्यात गावठी बॉम्ब ठेवला जातो.

इथे काडतुसांचं पान पुन्हा कामाला येतं. त्या पानावर तीन प्रश्न असतात. कोणतं जनावर? किती अंतर? आणि मी चुकलो तर पुढे काय? तारेला यातला एकही प्रश्न पडत नाही. तिला रोही आणि चितळ यांतला फरक कळत नाही, बिबट्या कळत नाही, शेजाऱ्याचा बैल कळत नाही, पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूसही कळत नाही. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेराशेच्या आसपास किलोमीटर चालत ज्ञानगंगेत आला. त्या वाटेत त्याने किती कुंपणं ओलांडली असतील याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो.

शेतकऱ्याला खलनायक करणं सोपं आहे. जागलीला न गेलेल्या लेखकाला तर फारच सोपं. तो हौसेने मारत नाही. पण त्याच्या मारण्यात कुणी पाहणारं नसतं, आणि साहित्याने त्याबद्दल विचार करायला हवा तो इथे. फॉर्सिथच्या काळात मारणाऱ्याला मरणाकडे पाहावं लागे, म्हणून तरी तो गोळीच्या वजनाचा विचार करी. तार लावणारा झोपलेला असतो. सकाळी जे सापडतं ते त्याने मारलेलं नसतं, 'करंटने गेलेलं' असतं. क्रियापदच बदलतं. मारणारा वाक्यातून निघून जातो.

म्हणून मी कोणतंही मारण्याबद्दलचं लेखन, मग ती जुनी शिकारकथा असो, वाघावरची नवी कादंबरी असो की रोह्यांच्या त्रासावरची बातमी, या तीन प्रश्नांवर घासून पाहतो. लेखकाने जनावर नेमकं ओळखलं आहे का? तो किती जवळ उभा आहे? आणि चुकीची किंमत कोण देतो, हे त्याने लिहिलं आहे का? ज्या लेखनात तिन्हींची उत्तरं सापडतात ते जुनं झालं तरी टिकतं, मग त्याचा लेखक साहेब असो की कुमाऊँतला कुंवरसिंग. कुंवरसिंग म्हणजे कॉर्बेटला पोरवयात जंगल शिकवणारा गावचा मुखिया. कॉर्बेट त्याला प्रेमाने त्या भागातला पट्टीचा चोरटा शिकारी म्हणतो.

माझ्या जिल्ह्यातून अजून एक पुस्तक यायचं आहे, असं मला वाटतं. त्यात वाघ नसेल तरी चालेल. मोताळ्याच्या किंवा चिखलीच्या एखाद्या शेतावरची जागल असेल, हातात बॅटरी असेल, पलीकडे रोह्याचे डोळे चमकत असतील, आणि कुंपणाची तार जोडायची की नाही हे त्या माणसाला जागेपणी ठरवायचं असेल. तो जे ठरवेल ते ठरवेल. पण वाक्यात कर्ता असला पाहिजे.